शत्रूच्या चलनावर चालणारं सरकारी दुकान : पूर्व जर्मनीतल्या इंटरशॉपचं प्रकरण

२६ सप्टेंबर १९७७ रोजी ड्रेस्डेनमध्ये पक्षाच्या कार्यकर्त्यांसमोर बोलताना एरिश होनेकर यांनी एक अवघड विषय काढला. पूर्व जर्मनीत इंटरशॉप नावाची सरकारी दुकानं होती. तिथे पश्चिम जर्मनीचा माल मिळायचा आणि तो पश्चिम जर्मनीच्याच मार्कात विकत घ्यावा लागायचा. देशाचं स्वतःचं चलन देशाच्या या सरकारी दुकानात चालत नव्हतं. होनेकर म्हणाले की ही दुकानं काही समाजवादाची कायमची सोबती नाहीत. ज्यांच्याजवळ परकीय चलन नाही ते नागरिक एका अर्थाने मागे पडतात, हेही त्यांनी कबूल केलं. आणि तरीसुद्धा दुकानं चालू राहतील, असंच त्या भाषणातून निघालं.

सत्ताधारी पक्षाच्या सर्वोच्च नेत्याने आपल्या व्यवस्थेतली विषमता जाहीरपणे मान्य करायची, आणि त्याच दमात ती चालू ठेवायची! पुढे बारा-तेरा वर्षं हा पेच सुटला नाही. तो कसा तयार झाला, त्यातून बाहेर पडायच्या वाटा कोणत्या होत्या, आणि सरकारने निवडलेल्या वाटेची किंमत कुणी मोजली, हे या प्रकरणात पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगतो. इंटरशॉपचा सगळ्यात मोठा भार व्यवस्थेच्या विरोधकांवर पडला नाही. तो पडला तिच्याशी प्रामाणिक राहिलेल्यांवर.

बंदरातून स्टेशनात

सुरुवात अगदी साधी होती. १९५०च्या दशकाच्या मध्याला रोस्टॉक आणि विस्मार या बाल्टिक बंदरांत परदेशी खलाशांसाठी शुल्कमुक्त विक्री सुरू झाली. खलाशी बोटीवरून उतरणार, सिगारेट आणि दारू घेणार, डॉलर किंवा पौंड देऊन जाणार. जगातल्या कुठल्याही बंदरात असं दुकान असतं. पूर्व जर्मनीला परकीय चलनाची चणचण होती आणि खलाशाच्या खिशातलं चलन मिळवायचा हा सोपा मार्ग होता. त्यात सर्वसामान्य नागरिकाचा संबंधच नव्हता.

१३ ऑगस्ट १९६१ला बर्लिनची भिंत उभी राहिली, आणि १९६२च्या अखेरीस इंटरशॉपची रीतसर व्यापारी संघटना तयार झाली. आता गिऱ्हाईक बदललं. पश्चिम जर्मनीतून, पश्चिम बर्लिनमधून येणारा पाहुणा, लाइपझिगच्या व्यापारी जत्रेला येणारा उद्योजक, परदेशी लोकांच्या हॉटेलांत उतरणारा प्रवासी, हे सगळे मोजके तास किंवा दिवस देशात असत. त्यांच्याकडून मिळेल तेवढं घ्यायचं.

यातलं फ्रीडरिशस्ट्रासे स्टेशन समजून घेण्याजोगं आहे. ते पूर्व बर्लिनच्या हद्दीत, पण पश्चिम बर्लिनच्या लोकल आणि भुयारी गाड्या त्यातून जात. पश्चिमेचा प्रवासी तिथे एका गाडीतून उतरून दुसरीत चढू शकत असे, आणि त्यासाठी त्याला पूर्व जर्मनीच्या पासपोर्ट तपासणीतून जावं लागत नसे. फलाटावर इंटरशॉपच्या टपऱ्या होत्या. पश्चिम बर्लिनमधला माणूस गाडी बदलता बदलता करमुक्त सिगारेटची कार्टन आणि दारूची बाटली घेऊन घरी जायचा. बॉनचं, म्हणजे पश्चिम जर्मनीचं, सरकार पूर्व जर्मनीला परदेश मानायला तयार नव्हतं. त्यामुळे या सीमेवर परदेशी सीमेसारखी पक्की नाकेबंदी करणं त्यांना राजकीयदृष्ट्या नकोसं होतं. पश्चिम बर्लिनचे कस्टम अधिकारी अधूनमधून तपासणी करत, माल पकडत, पण टपऱ्या चालूच राहिल्या. म्हणजे पश्चिम जर्मनीचा बुडालेला अबकारी कर हा पूर्व जर्मनीचा नफा होता. शत्रूराष्ट्राच्या तिजोरीला असा रोज लहानसा चिमटा काढण्यात पूर्व बर्लिनला काहीच वावगं वाटत नव्हतं, आणि मला वाटतं इथपर्यंत त्यांचं गणित चोख होतं.

१ फेब्रुवारी १९७४

अडचण निराळीच होती. पाहुणा दुकानात यायचा तसे त्याचे पैसे देशात झिरपायचे. मावशी हॅनोव्हरहून येणार, जाताना भाच्याच्या हातात वीस मार्क ठेवणार. १९६४च्या अखेरीपासून पेन्शनरांना पश्चिमेतल्या नातलगांकडे जायची मुभा मिळाली होती. तेही येताना थोडे पैसे घेऊन येत. नागरिकाने पश्चिमी चलन जवळ बाळगणं हा मात्र गुन्हा होता. ही नोट ठेवायची कुठे आणि खर्चायची कुठे? ती पाहुण्याकडून गुपचूप खर्च करून घ्यायची किंवा काळ्या बाजारात द्यायची, एवढेच मार्ग होते.

१९७२मध्ये लागू झालेला पारगमन करार (पूर्व जर्मनीतून पश्चिम बर्लिनला ये-जा करण्याबद्दलचा), मग दोन जर्मनींमधला मूलभूत करार, यांमुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांची संख्या प्रचंड वाढली. पश्चिम बर्लिनला जाणाऱ्या महामार्गांवरच्या थांब्यांवरही इंटरशॉप उघडली. देशात लोकांच्या घरांत पश्चिमी मार्क पडून आहेत हे सरकारला पक्कं ठाऊक होतं. पोलिसांनी घरोघर धाडी घालायच्या, की तो पैसा राजीखुशीने दुकानात येऊ द्यायचा? डिसेंबर १९७३मध्ये परकीय चलनाचा नवा कायदा झाला आणि १ फेब्रुवारी १९७४पासून पूर्व जर्मन नागरिकाला पश्चिमी चलन बाळगायला आणि इंटरशॉपमध्ये खर्च करायला परवानगी मिळाली.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक तारीख आठवेल. आपला परकीय चलन नियमन कायदा, ‘फेरा’, लागू झाला तो १ जानेवारी १९७४ला. त्याच महिन्याभरात एका बिगर-कम्युनिस्ट देशाने नागरिकांच्या हातातल्या परकीय चलनावरची पकड घट्ट केली आणि एका कम्युनिस्ट देशाने ती सैल केली. दोघांचं कारण मात्र एकच होतं, गंगाजळीतली चणचण.

निर्णयामागची व्यवहारी बाजू समजते. पण याचा दुसरा अर्थ काय झाला? तोवर इंटरशॉप हे परक्यासाठीचं दुकान होतं. आता ते आपल्याच लोकांसाठीचं झालं. फक्त सगळ्यांसाठी नव्हे.

पैसा मिळवणारं खातं

या दुकानांच्या मागे असलेल्या माणसाबद्दल थोडं सांगायला हवं. अलेक्झांडर शाल्क-गोलोडकोव्स्की हा परराष्ट्र व्यापार खात्यातला अधिकारी. १९६६मध्ये त्याच्या पुढाकाराने ‘कोमर्त्सिएले कोऑर्डिनिएरुंग’ म्हणजे ‘व्यापारी समन्वय’ अशा निरुपद्रवी नावाचं खातं सुरू झालं. लोक त्याला ‘कोको’ म्हणत. नियोजन मंडळाच्या नेहमीच्या चौकटीबाहेर राहून, कुठूनही आणि कसंही, परकीय चलन मिळवायचं हेच या खात्याचं काम होतं. शाल्क गुप्तहेर खात्याचा, स्टासीचाही अधिकारी होता. १९७०मध्ये त्याने स्टासीच्या विद्यापीठात एका सहकाऱ्यासोबत प्रबंध सादर करून डॉक्टरेट मिळवली. विषय होता अशाच मार्गांनी परकीय चलन कसं मिळवावं, आणि मार्गदर्शक होते स्वतः स्टासीप्रमुख एरिश मील्के.

१९७६पासून इंटरशॉपचा कारभार कोकोच्या छत्राखालच्या ‘फोरम’ या परराष्ट्र व्यापार कंपनीकडे आला. शस्त्रांचा व्यापार, जुन्या कलावस्तूंची विक्री आणि किरकोळ दुकानदारी, असे सगळे धंदे एकाच खात्याच्या हाताखाली होते. सुरुवातीला दोन बंदरांतली दुकानं होती. शेवटी देशभर ती शेकड्यांनी झाली आणि वर्षाची उलाढाल एक अब्ज पश्चिमी मार्कांच्या आसपास पोचली. तुलनेसाठी सांगतो, पश्चिम बर्लिनच्या वाहतुकीसाठी रस्ते वापरू देण्याबद्दल बॉन सरकार १९८०पासून वर्षाला ५२ कोटी ५० लाख मार्क ठोक रक्कम देत होतं.

धंद्याचं गणित बघा. पश्चिमेतून घाऊक भावात माल आणायचा. त्यावर कर नाही. पश्चिमेतल्या दुकानापेक्षा दारू-सिगारेट थोडी स्वस्त ठेवायची, बाकी माल जवळपास तिकडच्याच भावात विकायचा. भाडं, पगार, वीज हे सगळं देशी चलनात. नंतर याहून फायद्याची युक्ती सापडली. पश्चिमी कंपन्यांच्या परवान्याने त्यांचा माल पूर्व जर्मनीतल्या कारखान्यांतच बनवायचा, काही भाग कंपनीला द्यायचा, काही इथल्या दुकानांत विकायचा. साक्सनीतल्या वाल्डहाइमच्या कारखान्यात निव्हिया क्रीम बनत असे ते याच व्यवस्थेत. कामगाराला पगार देशी मार्कात, आणि त्याने बनवलेली डबी त्याला विकत घ्यायची तर पश्चिमी मार्क हवेत. कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्या देशात हे घडत होतं, आणि मला या सगळ्या प्रकरणात याहून कठोर गोष्ट दुसरी दिसत नाही.

कुणाला मिळालं, कुणाला नाही

इंटरशॉपला गेलेल्या लोकांना आजही पहिल्यांदा आठवतो तो वास. साबण, धुण्याची पावडर, भाजलेली कॉफी, चॉकलेट यांचा मिळून झालेला एक गोड वास, दार उघडताच अंगावर येणारा. जीन्स, नायलॉनचे लांब मोजे, लेगोचे खोके, मॅचबॉक्सच्या गाड्या, टेपरेकॉर्डर. बाहेरच्या दुकानांत यातलं काही नसायचं, किंवा असलं तर रांग लावून मिळायचं.

आता ग्राहक कोण, ते पाहू. ज्याचे पश्चिमेत नातलग आहेत आणि जो त्यांच्याशी संबंध ठेवू शकतो, तो. जी पेन्शनर बाई दर वर्षी बहिणीकडे कोलोनला जाऊन येते, ती. पश्चिमेतल्या चर्चची मदत मिळणारा पाद्री. हॉटेलातला वेटर. टॅक्सीवाला. गळणारा नळ दुरुस्त करायला तातडीने हवा असेल तर अर्धे पैसे पश्चिमी मार्कात मागणारा प्लंबर. अशा कारागिरांचा भाव खूप वाढला. वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘निळ्या फरशा हव्यात’ असं छापून येई. शंभर पश्चिमी मार्कांची नोट निळी होती, आणि कशाबद्दल बोलणं चाललंय ते सगळ्यांना कळत असे.

ज्यांना काही मिळालं नाही ते कोण? सैन्यातले, पोलिसांतले, स्टासीतले लोक. पक्षाचे जबाबदार पदाधिकारी. कारखान्यातली वा प्रयोगशाळेतली गुप्त माहिती ज्यांच्या हाताखाली असते असे अभियंते आणि संशोधक. या लोकांना पश्चिमेतल्या नातलगांशी संबंध ठेवायला बंदी होती. सख्खा भाऊ असला तरी त्याला पत्र लिहायचं नाही, त्याचं पार्सल घ्यायचं नाही. त्यांनी ते पाळलं. कुणी भीतीपोटी, कुणी नोकरीपोटी, पण कितीतरी जणांनी खऱ्या विश्वासापोटी. ज्यांचं कुटुंब पिढ्यान्पिढ्या पूर्वेकडचंच होतं, ज्यांचं पलीकडे कुणी नव्हतं, तेही याच बाजूला.

शाळेत हे मुलांच्या रोज डोळ्यांसमोर येई. एका बाकावर चकचकीत वेष्टनातलं पश्चिमी चॉकलेट, शेजारच्या बाकावर अधिकाऱ्याचं मूल. त्या मुलाने घरी येऊन प्रश्न विचारला तर बापाने काय उत्तर द्यायचं? भांडवलशाही संपणार आहे असं शिकवणाऱ्या शिक्षिकेला वर्गातल्या मुलांच्या अंगावरच्या जीन्स दिसत होत्या.

कुठल्याही राज्यव्यवस्थेत बक्षीस देण्याची एक रीत असते. पूर्व जर्मनीच्या बाबतीत ती पक्षनिष्ठा, काम आणि शिस्त यांच्याभोवती बांधली होती. इंटरशॉपने ही रीत उलटी केली. काम न करणारा पेन्शनर पुढे गेला आणि उत्पादन करणारा कुशल कामगार मागे राहिला. चर्चशी जोडलेला माणूस पुढे, पक्षाशी जोडलेला मागे. हे कुणी कट करून घडवलेलं नव्हतं. १९७४च्या निर्णयातून ते आपोआप निघालं.

१९७७ची कॉफी

ड्रेस्डेनच्या भाषणाची वेळ याच वर्षी का आली, याला एक कारण कॉफीचं आहे. १९७५च्या जुलैमध्ये ब्राझीलमध्ये दहिवर पडून कॉफीची झाडं मेली. जगभर भाव कडाडले. पूर्व जर्मनीत कॉफी पिकत नाही, आणि जर्मन माणसाला दुपारी कॉफी लागतेच. आयातीचा खर्च चौपटीच्या आसपास जाणार हे दिसताच १९७७च्या उन्हाळ्यात पक्षाच्या सर्वोच्च मंडळाने कॉफीला कात्री लावली. स्वस्त प्रकार बाजारातून काढला आणि ‘काफे-मिक्स’ नावाचं नवं मिश्रण आणलं. त्यात जेमतेम निम्मी कॉफी, बाकी राय, बार्ली, वाटाणे असलं भाजलेलं धान्य. कॉफीच्या यंत्रांत ते अडकायचं, चव कुणाला आवडेना. चांगल्या ‘रोंडो’ कॉफीचं १२५ ग्रॅमचं पाकीट ८.७५ मार्कांना. सरासरी पगार महिन्याला हजार मार्कांच्या जवळपास असताना ही किंमत किती बोचत असेल त्याचा अंदाज करा.

पूर्व जर्मनीत नागरिकांना सरकारकडे लेखी अर्ज करायचा हक्क होता, आणि त्यावर उत्तर देणं कार्यालयांवर बंधनकारक होतं. त्या वर्षी असे अर्ज धो धो आले. त्यात कॉफीचा राग होता आणि इंटरशॉपचाही. कारण कोपऱ्यावरच्या सरकारी इंटरशॉपमध्ये मात्र पश्चिमी ब्रँडची शुद्ध कॉफी फळीवर रचलेली होती. पश्चिमेतल्या नातलगांनी पार्सलांतून पाठवलेली कॉफी त्या काळात देशातल्या एकूण खपाच्या पाचव्या हिश्श्याइतकी होती असं धरतात. म्हणजे नातलग असलेल्या घरात दुपारची कॉफी सुटली नाही. नसलेल्या घरात काफे-मिक्स आलं. तोवर जीन्स आणि टेपरेकॉर्डर या चैनीच्या वस्तू म्हणून सोडून देता येत होत्या. कॉफी रोजच्या स्वयंपाकघरातली होती.

वाटा कोणत्या होत्या

पहिली वाट, दुकानं बंद करायची. निदान देशी नागरिकांना प्रवेशबंदी करून १९७४च्या आधीच्या स्थितीला जायचं. कार्यकर्त्यांपैकी अनेकांना हेच हवं होतं. पण पैसा घराघरांतून येत होता आणि देशाची पश्चिमेकडची कर्जं वाढत चालली होती. घरातला मार्क पुन्हा गादीखाली गेला असता, आणि काळ्या बाजारातून फिरला असता. शिवाय १९७५मध्ये मानवी हक्कांची हमी देणाऱ्या हेलसिंकीच्या जाहीरनाम्यावर सही केलेली होती, पश्चिमेची नजर होती.

दुसरी वाट आर्थिकदृष्ट्या सरळ होती, पण पक्षाला सगळ्यात अवघड. देशी चलनाला खरी किंमत द्यायची. पाव, बटाटे, घरभाडं, ट्राम यांवर दिलेली प्रचंड सबसिडी कमी करायची, भाव वाढू द्यायचे, त्या पैशातून निर्यातीजोगा उद्योग उभा करायचा. होनेकरांनी हे केलं नाही आणि त्यामागे भीती होती. १९५३च्या जूनमध्ये कामाचे कोटे वाढवल्यावर पूर्व जर्मनीतले कामगार रस्त्यावर उतरले होते आणि सोव्हिएत रणगाडे आणावे लागले होते. शेजारच्या पोलंडमध्ये १९७०ला भाववाढीने पक्षप्रमुख गोमुल्का गेले, आणि १९७६च्या जूनमध्ये राडोम आणि उर्सुसमध्ये पुन्हा तेच घडलं. भाववाढ मागे घ्यावी लागली. हे डोळ्यांसमोर असताना पूर्व बर्लिनमध्ये पावाच्या किमतीला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती.

तिसरी वाट होनेकरांनी भाषणातच सांगितली. देशी मार्कात चांगला माल देणारी महाग दुकानं वाढवायची. कपड्यांसाठी ‘एक्स्क्विझिट’, खाण्याच्या वस्तूंसाठी ‘डेलिकाट’. दोन्ही १९६०च्या दशकापासून होतीच, आता त्यांची संख्या वाढली. तर्क असा की ज्याच्याकडे पश्चिमी नातलग नाही, पण पगारातून शिल्लक आहे, त्यालाही काहीतरी चांगलं मिळेल. थोडा उपयोग झाला. पण लोकांनी त्यातून आणखी एक धडा घेतला. पूर्वी साध्या दुकानात मिळणारी वस्तू आता डेलिकाटमध्ये दुप्पट-तिप्पट भावात दिसू लागली. म्हणजे एका देशात तीन तऱ्हेची दुकानं झाली. साधी, महाग आणि पश्चिमी. कुठल्या दुकानात जाता यावरून तुमची पायरी ठरू लागली.

चौथी वाट १९७९ची.

फोरम चेक

१६ एप्रिल १९७९पासून नियम बदलला. पूर्व जर्मन नागरिकाला यापुढे इंटरशॉपमध्ये पश्चिमी नोट थेट देता येणार नव्हती. आधी सरकारी बँकेत जाऊन ती द्यायची आणि एकास एक दराने ‘फोरम चेक’ घ्यायचे. ५० फेनिगपासून (शंभर फेनिगांचा एक मार्क) ५०० मार्कांपर्यंतचे हे कागदी चेक फक्त इंटरशॉपमध्ये चालत. परदेशी पाहुण्याला मात्र पूर्वीसारखे रोख पैसे देता येत. चेकवर नाव नसे. सगळ्यात लहान चेक पन्नास फेनिगचा असल्यामुळे त्याखालचे सुटे पैसे म्हणून गिऱ्हाइकाच्या हातावर गोळ्या किंवा छोटं चॉकलेट ठेवलं जाई. किराणा दुकानात चॉकलेट घेऊन गप्प बसलेल्या आपल्याकडच्या प्रत्येकाला हे चित्र ओळखीचं वाटेल.

चेकमागचा हेतू उघड होता. पश्चिमी मार्क घराच्या कपाटात न राहता त्याच दिवशी सरकारच्या हातात यावा. नागरिकाने चेक महिनाभर खर्च केला नाही, तरी पैसा तिजोरीत पडलेला. बिनव्याजी कर्जच ते. वर देखाव्याचा फायदा असा की पूर्व जर्मन माणूस काउंटरवर ‘शत्रूची’ नोट फडकावताना दिसणार नाही.

त्या एप्रिलमध्ये परदेशी वार्ताहरांवरही नवं बंधन आलं. नागरिकांच्या मुलाखती घ्यायच्या तर आधी परवानगी घ्यावी लागणार होती. पश्चिमेचं टीव्ही प्रसारण पूर्व जर्मनीतल्या बहुतेक घरांत दिसत असे. रस्त्यावरच्या माणसाने चेकबद्दल कॅमेऱ्यासमोर जे सांगितलं ते संध्याकाळी त्याच्याच शेजाऱ्याने ऐकायचं, हे सरकारला नको होतं.

चेकने मूळ पेचाला स्पर्श केला नाही. चेकही काळ्या बाजारात फिरू लागले. प्लंबर चेक घेऊ लागला. माझ्या दृष्टीने त्यापेक्षाही गंभीर म्हणजे, सरकारी छापखान्यातून आलेला आणि सरकारी बँकेने दिलेला एक कागद आता देशाच्या अधिकृत चलनापेक्षा श्रेष्ठ होता. आधी लोक म्हणू शकत होते की पश्चिमी नोट परक्याची आहे. आता सरकारनेच श्रेष्ठ पैसा छापला होता.

या बाबतीत पूर्व जर्मनी एकटं नव्हतं. चेकोस्लोव्हाकियात १९५७पासून तुझेक्सची दुकानं आणि त्यांचे ‘बोनी’ नावाचे चेक होते, पोलंडमध्ये १९७२पासून पेवेक्स, सोव्हिएत संघात बेर्योझ्का, बल्गेरियात कोरेकॉम. याचा सगळ्यात भीषण अवतार म्हणजे स्टालिनच्या काळातली तोर्ग्सिन ही सोव्हिएत दुकानं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीच्या दुष्काळात लोकांनी लग्नाच्या अंगठ्या आणि चांदीचे चमचे तिथे देऊन पीठ घेतलं. पण बाकीच्या देशांत आणि पूर्व जर्मनीत एक मोठा फरक होता. प्राग किंवा वॉर्सातल्या माणसासमोर त्याच्याच भाषेत बोलणारा, त्याच्याच आडनावाचा, पण दुसऱ्या चलनात कमावणारा देश भिंतीपलीकडे उभा नव्हता.

४.४०

सरकारी भूमिकेनुसार पूर्वेचा एक मार्क पश्चिमेच्या एका मार्काबरोबर. १९८०च्या ऑक्टोबरपासून पश्चिमेच्या पाहुण्याला दिवसाला किमान २५ मार्क याच दराने बदलून घ्यावे लागत. काळ्या बाजारात मात्र एका पश्चिमी मार्काला चार, पाच, आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी त्याहूनही जास्त पूर्वेचे मार्क द्यावे लागत.

आश्चर्याची गोष्ट अशी की सरकारच्या स्वतःच्या हिशेबातही काळ्या बाजाराच्या जवळचा आकडा होता. निर्यात करून एक पश्चिमी मार्क मिळवायला देशाला किती मार्क खर्च येतो हे दाखवणारा एक गोपनीय गुणक परराष्ट्र व्यापारात वापरला जाई. १९८०च्या सुरुवातीला तो अडीचच्या जवळ होता आणि शेवटच्या वर्षांत ४.४० झाला. हा आकडा जनतेला कधी सांगितला गेला नाही. काळ्या बाजारात पाच मार्क देणारा माणूस कायद्याने गुन्हेगार ठरत होता, आणि नियोजन कार्यालयातला अधिकारी सकाळी जवळपास त्याच दराने सरकारी हिशेब करत होता.

म्हणूनच इंटरशॉप बंद होणं अशक्य होतं. साडेचार मार्कांचा माल बाहेर पाठवून जो एक मार्क मिळतो, तो इंटरशॉपमध्ये क्रीमची डबी विकून काही फेनिग खर्चात मिळत होता. १९८२मध्ये पश्चिमी बँकांनी हात आखडले तेव्हा देश दिवाळखोरीच्या कडेवर आला. १९८३मध्ये बव्हेरियाचे कट्टर कम्युनिस्टविरोधी नेते फ्रान्झ योझेफ श्ट्राउस यांच्या मध्यस्थीने एक अब्ज मार्कांचं कर्ज मिळालं, पुढच्या वर्षी आणखी ९५ कोटी. त्या वाटाघाटींत पूर्वेकडून बसलेला माणूस शाल्कच होता.

शेवट

९ नोव्हेंबर १९८९ला भिंत उघडली. पश्चिमेत पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक पूर्व जर्मन नागरिकाला पश्चिम जर्मन सरकारकडून स्वागताचे १०० मार्क मिळत होते. पंधरा वर्षं नातलग नाही म्हणून इंटरशॉपच्या काचेबाहेर राहिलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा निळी नोट आली, आणि तो ती घेऊन थेट पश्चिम बर्लिनच्या दुकानात गेला. इंटरशॉपची गरज तिथेच संपली. डिसेंबरच्या सुरुवातीला शाल्क पश्चिमेत पळाला. पुढे एकत्र झालेल्या जर्मनीच्या संसदेने कोकोच्या कारभारावर चौकशी समिती नेमली, न्यायालयात त्याला निलंबित शिक्षा झाली, आणि २०१५मध्ये तो बव्हेरियात वारला.

लाइपझिगच्या मोर्चांत १९९०च्या सुरुवातीला एक घोषणा घुमत होती : पश्चिमी मार्क इकडे आला तर आम्ही इथेच राहू, नाही आला तर आम्हीच त्याच्याकडे जाऊ. १ जुलै १९९०ला तो आला. आदल्या दिवशी इंटरशॉपचा व्यवहार थांबला.

चलन बदलताना बॉन सरकारने पगार आणि पेन्शन एकास एक ठेवले. प्रौढ माणसाच्या बचतीतले पहिले ४,००० मार्क एकास एक, साठीच्या पुढच्यांसाठी ही मर्यादा ६,००० मार्क, मुलांसाठी २,००० मार्क. त्यावरची रक्कम दोनास एक. ज्याने १९८८मध्ये काळ्या बाजारातून पाच-सहा देशी मार्क मोजून एक पश्चिमी मार्क घेतला होता, त्याच्यापेक्षा जो नियम पाळत देशी मार्कांतच बचत करत बसला त्याला या हिशेबात कितीतरी पट जास्त मिळालं. पोलीस हवालदार, शाळेतली शिक्षिका, पलीकडे कुणी नसलेलं कुटुंब, या सगळ्यांच्या बँकेतल्या मार्काला त्यांच्या स्वतःच्या सरकारने कधी दुकानात घेतलं नव्हतं. त्याला पूर्ण किंमत दिली ती बॉनने. वर्षभरात त्यांच्यापैकी हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, कारण एकास एक दराने पगार द्यायला त्यांचे कारखाने परवडेनासे झाले.